त्या वाजवणाऱ्याचं नाव काय?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संगीतावर बोलायला मला बोलावलंय आणि संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना ठाट आणि श्रुतींची हौस असेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा प्यावा. मी एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेवर बोलणार आहे. तिच्यात राग आहे, पण तो यमन नाही, भैरवी नाही. माणसाला येतो तो राग.

तिचं नाव लांबलचक आहे. ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’. आपल्या भाषेत सांगायचं तर, आम्हाला मागं खेचून धरायचं म्हटलं तर कोट्यवधींचं अख्खं राष्ट्र कामाला लागतं. नावातच हिशेब मांडलाय बघा. दाबलेला माणूस किती कमजोर, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवतात. त्याला दाबून ठेवायला किती पोलीस, किती कचेऱ्या, किती वर्तमानपत्रं, किती तुरुंग लागतात, हे कुणी मोजत नाही. गटाचं नाव पब्लिक एनिमी. म्हणजे लोकशत्रू. साल १९८८, महिना जून.

मी ती ऐकली १९९१ साली. आमच्या चाळीतला एक पोऱ्या बोटीवर कामाला होता. त्यानं कॅसेट आणली आणि म्हणाला, तुला भांडणाची आवड आहे ना, घे. कॅसेट लावली. आधी भोंगा. मग गर्दीचा कल्ला. मग एक कर्कश शिट्टी, किटली उकळून फुटायला आल्यासारखी, जी थांबायचं नावच घेत नव्हती. आणि तिच्यावर एक जाड, भरदार आवाज, कोर्टात आरोप वाचून दाखवावेत तसा. इंग्रजी माझं यथातथाच. चार शब्द कळले, चाळीस सुटले. शेजारीण ओरडली, काय गोंगाट लावलाय मेल्यांनी!

कोपऱ्यात माझा बाप पडला होता. तो उठून बसला.

आता बापाचं सांगितलं पाहिजे. माझा बाप ढोलकी वाजवायचा. दिवसा गोदीत हमाली, रात्री ढोलकी. कॅसेटचा जमाना आला तेव्हा एका कंपनीनं त्याला बोलावलं. सकाळी नऊला एका कोंदट खोलीत बसवला, रात्री अकराला सोडला. बारा गाणी वाजवून घेतली. हातावर रोख टेकवले. कागद नाही, पावती नाही. कॅसेट निघाली, तुफान चालली. वरच्या कागदावर गायकाचं नाव, कवीचं नाव, कंपनीच्या मालकाचा हसरा फोटो. ढोलकीवाल्याचं नाव नाही. दहा वर्षं प्रत्येक मांडवात माझ्या बापाचे हात वाजत होते आणि बाप मांडवाच्या बाहेर बिडी ओढत उभा असायचा.

तर तो बाप उठून बसला आणि मला म्हणाला, “गप. ऐकू दे. वाजवणारा पक्का हाय. पण ह्याला तोडून तोडून लावलाय. एकच तुकडा फिरतोय बघ. ह्याला कुणी इचारलं का, तुझा हात आमी कापून नेतोय म्हणून? नाव काय ह्याचं?”

मी कॅसेटचा कागद उलटसुलट केला. त्या वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं.

आजचं माझं भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

आधी ही माणसं कोण ते बघू. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड आहे. तिथं रूझवेल्ट नावाची वस्ती. काळी कुटुंबं राहायला आली तशी गोरी कुटुंबं घरं विकून निघून गेली. १९७० च्या सुमारास तिथल्या कॉलेजांत काळ्या पोरांसाठी उन्हाळी वर्ग चालायचे. शिकवायला काळे विद्यार्थी आणि ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते. विषय आपला इतिहास, आपली माणसं. कार्लटन रायडेनआवर, हँक शॉक्ली, रिचर्ड ग्रिफिन ही पोरं त्या वर्गात बसलेली. म्हणजे असाच अभ्यासवर्ग, अशीच सतरंजी समजा. आज मागं बसून जांभया देणाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी.

कार्लटन म्हणजे पुढचा चक डी. जन्म १९६०. अडेल्फी विद्यापीठात तो ग्राफिक डिझाईन शिकला. हँक शॉक्ली स्पेक्ट्रम सिटी नावानं साऊंड सिस्टिम चालवायचा, चक डी तिची पत्रकं काढायचा. विद्यापीठाच्या छोट्या रेडिओ केंद्रावर, डब्ल्यूबीएयूवर, दोघं कार्यक्रम करायचे. पब्लिक एनिमीचं चिन्हही चक डीनंच काढलं. बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. नेम धरलाय आणि हा हलत नाही.

त्याच्या जोडीला फ्लेवर फ्लेव्ह. गळ्यात भिंतीवरचं वाटावं एवढं घड्याळ. एकजण आरोपपत्र वाचणारा, दुसरा मधे टपकून सोंग करणारा. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवा, म्हणजे ही जोडी कळेल. तबकड्या घासणारा टर्मिनेटर एक्स. रिचर्ड ग्रिफिन झाला प्रोफेसर ग्रिफ. त्याच्या हाताखाली काळ्या टोप्या घालून, खोट्या बंदुका घेऊन रंगमंचावर कवायत करणारी पोरं. त्यांचं नाव सिक्युरिटी ऑफ द फर्स्ट वर्ल्ड. तुम्ही आम्हाला तिसऱ्या जगात टाकता काय? आम्हीच पहिलं जग, असा तो ताव.

हिप हॉपचा जन्म त्याआधीचा, १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. भर वस्तीतून हमरस्ता नेऊन सरकारनं जो भाग उद्ध्वस्त केला, तिथल्या पोरांनी रस्त्यावर, सभागृहात तबकड्या वाजवून तो उभा केला. त्यात तबकडीतला फक्त ड्रमचा भाग पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर बोलायचं. वाद्यं घ्यायला पैसे कुठले? तबकडी हेच वाद्य. पब्लिक एनिमीनं ह्याच गोष्टीचा कारखाना केला.

कारखाना म्हणतोय तो उगाच नाही. हँक शॉक्ली, त्याचा भाऊ कीथ, एरिक सॅडलर आणि चक डी ह्या चौघांच्या टोळीला बॉम्ब स्क्वॉड म्हणत. त्यांच्याकडं सॅम्पलर होता, म्हणजे जुन्या तबकडीतला आवाजाचा तुकडा पकडून ठेवणारं यंत्र. एस.पी. १२०० नावाच्या त्या यंत्राची स्मरणशक्ती जेमतेम दहा सेकंदांची. एवढ्याशा जागेत त्यांनी भाषणांचे तुकडे, ड्रमचे तुकडे, किंकाळ्या, भोंगे कोंबले आणि एकावर एक थर चढवले. ती किटलीसारखी शिट्टी म्हणजे १९७० सालच्या एका गाण्यातल्या सॅक्सोफोनची चीत्कार. जेम्स ब्राऊनच्या साथीदारांचं ते गाणं, नाव ‘द ग्रंट’. मूळ गाण्यात ती चीत्कार येते आणि जाते. ह्यांनी ‘रेबेल विदाऊट अ पॉज’मध्ये ती गाणंभर फिरवत ठेवली. शांततेला जागाच ठेवली नाही.

शेजारीण बरोबर बोलली होती. तो गोंगाटच होता. ठरवून केलेला. रूझवेल्टच्या पोरांना माहीत होतं की आपण कितीही सुरात बोललो तरी ह्या देशाच्या कानाला तो गोंगाटच वाटणार. मग म्हणाले, घ्या गोंगाट. १६ तुकडे, जवळपास ५८ मिनिटं. एका तुकड्याचं नावच ‘ब्रिंग द नॉइज’.

त्या तुकड्याच्या सुरुवातीला माल्कम एक्सचा आवाज येतो. १९६३ साली डेट्रॉइटला केलेल्या भाषणातले दोन-चार शब्द. माल्कम सांगत होता की कॉफी फार काळी, फार कडक झाली की लोक तिच्यात साय घालतात आणि ती पांचट करून टाकतात. वॉशिंग्टनच्या मोर्चाचं असंच झालं, हा त्याचा आरोप. १९६५ साली माल्कमला गोळ्या घालून मारलं. आणि २२ वर्षांनी ही पोरं त्याचे ते शब्द घेतात, साय काढून टाकतात. काळेपणा आणि कडकपणा तेवढा शिल्लक ठेवतात.

शेवटच्या तुकड्याचं नाव ‘पार्टी फॉर युवर राइट टू फाइट’. गोऱ्या पोरांच्या एका गटानं मौजमजा करण्याच्या हक्कासाठी लढायचं गाणं केलं होतं. ह्यांनी ते उलटवलं. लढण्याच्या हक्कासाठी पार्टी, आणि पार्टी म्हणजे पक्ष, ब्लॅक पँथर पक्ष. १९६६ साली ऑकलंडला ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढलेला. मुंबईत १९७२ साली आपल्या माणसांनी संघटना काढली तेव्हा नाव ह्याच पँथरवरून घेतलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते पुढचं. एफबीआयच्या एडगर हूव्हरनं चळवळींत फूट पाडायचा गुप्त कार्यक्रम चालवला होता. खोटी पत्रं, खबरे, फोनवर पाळत. १९६९ च्या डिसेंबरात शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या घरात पहाटे गोळ्या घातल्या. वय वर्षं २१. १९७१ साली काही कार्यकर्त्यांनी एफबीआयची एक कचेरी फोडून कागद बाहेर काढले तेव्हा हा कार्यक्रम जगाला कळला. ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’मध्ये चक डी आपला फोन ऐकणाऱ्यांनाच ऐकवतो, ते ह्या पार्श्वभूमीवर. चळवळ संपली, पुस्तकं मिळेनाशी झाली, तेव्हा १९८८ साली तबकडीच्या दुकानात पँथरचा इतिहास विकायला आला. चक डी रॅपला काळ्यांचं सीएनएन म्हणायचा तो ह्या अर्थानं.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स’ हे क्रॅकवरचं गाणं. क्रॅक म्हणजे कोकेनचाच स्वस्त खडा. काळ्या वस्त्या त्यात बुडाल्या होत्या. चक डी धंदेवाल्याला सोडत नाही, व्यसनी माणसाला सोडत नाही. स्वतःच्या वस्तीला दर्पण दाखवतो. पण कायदा काय करत होता? १९८६ च्या कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं तुरुंग. कोकेनच्या पांढऱ्या भुकटीला तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. खडा बहुतकरून गरीब काळ्याच्या खिशात सापडायचा, भुकटी साहेबलोकांच्या दिवाणखान्यात. एकास शंभर! हे गणित २०१० साली बदललं आणि एकास अठरा झालं. बरोबरीला काही आलं नाही.

आणि ‘ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस’. माझं सगळ्यात लाडकं. सरकारचं पत्र येतं, सैन्यात भरती हो. तो म्हणतो, जो देश मला माणूस धरत नाही त्याच्यासाठी मी का मरू? त्याला तुरुंगात टाकतात. तिथून कैदी एकत्र होऊन सुटकेचा बेत करतात, त्याची ही गोष्ट. सक्तीची भरती अमेरिकेत १९७३ सालीच बंद झाली होती. पण मुहम्मद अलीनं १९६७ साली नकार दिला, त्याचं विजेतेपद काढून घेतलं, शिक्षा ठोठावली, आणि ती १९७१ साली सुप्रीम कोर्टानं रद्द केली, हे कोण विसरलं होतं? पियानोचा एक छोटा तुकडा आयझॅक हेजच्या १९६९ सालच्या गाण्यातून घेतलाय. तो घड्याळासारखा ठोके देत राहतो आणि कैदी भिंतीपर्यंत सरकतात. अख्ख्या मुद्रिकेत इथं गोंगाट कमी होतो. माणूस पळून जायच्या बेतात असतो तेव्हा दबक्या पावलानंच चालतो.

आता चोरीच्या प्रश्नाकडं येतो. ‘कॉट, कॅन वी गेट अ विटनेस?’ ह्या तुकड्यात चक डी कोर्टात उभा आहे. आरोप, तू ठोके चोरलेस. १९८८ साली ही कल्पना होती. १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कोर्टानं बिझ मार्की नावाच्या दुसऱ्या रॅपरच्या खटल्यात निकाल दिला. न्यायाधीशानं निकालाची सुरुवातच बायबलमधल्या, चोरी करू नकोस ह्या आज्ञेनं केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसा लागू लागला. एका गाण्यात दहा-पंधरा तुकडे वापरणं फक्त करोडपतीला परवडणार. अशी मुद्रिका पुन्हा बनवणं जवळजवळ अशक्य झालं.

इथं आपले पुढारी टाळ्या घेतील. म्हणतील, काळ्यांचीच गाणी, काळ्यांनीच घेतली, त्यात चोरी कसली? गोऱ्या कंपन्यांनी पन्नास वर्षं काळ्यांचे सूर लुटले तेव्हा बायबल कुठं होतं? मीही हेच म्हणायचो. बरोबरच आहे ते. पण बापाचा प्रश्न राहतोच. नाव काय त्याचं?

नाव क्लाइड स्टबलफील्ड.

जन्म १९४३, टेनेसीतला चॅटनूगा. जेम्स ब्राऊनचा ड्रमर. १९६९ च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीत एक गाणं मुद्रित झालं, ‘फंकी ड्रमर’. गाण्याच्या मध्यावर जेम्स ब्राऊन बाकीच्या वादकांना थांबायला सांगतो, ड्रमरला एकट्याला वाजवू देतो. आठ मात्रागट, म्हणजे वीसेक सेकंद. तेवढ्यावर हिप हॉपची अर्धी इमारत उभी आहे. ‘ब्रिंग द नॉइज’मध्ये तो आहे, ‘रेबेल विदाऊट अ पॉज’मध्ये तो आहे. आणखी शेकडो गाण्यांत तो आहे. गाण्याचा मालक कागदावर जेम्स ब्राऊन. स्टबलफील्ड पगारी वाजवणारा. सॅम्पलच्या पैशातला वाटा त्याला मिळाला नाही. १९९१ चा निकाल आला तेव्हाही पैसा जायचा तो कागदावरच्या मालकाकडं. म्हणजे निकाल नव्हता तेव्हा ठोका फुकट गेला, निकाल आला तेव्हा मालकाच्या खिशात गेला. ज्याचे हात, तो दोन्ही वेळा बाहेर. २०१७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला तो वारला.

नाव मला कळलं तेव्हा सांगायला बाप उरला नव्हता.

मित्रांनो, मी ही मुद्रिका खाली पाडायला आलेलो नाही. तिनं मला उभं केलंय. पण आपल्या घरचं ताट पुसून बघायची सवय आपल्याला पाहिजे. बघू या.

‘शी वॉच चॅनल झीरो’ ह्या तुकड्यात दिवसभर टीव्हीपुढं बसलेल्या बाईला झोडपलंय. ती मूर्ख, तिच्या डोक्यात मालिका. अरे वा! आणि मॅच बघत पडलेला नवरा कोण? दिवसभर राबून आलेल्या बाईनं तासभर टीव्ही बघितला तर क्रांती अडते काय? १६ तुकड्यांत बाईच्या तोंडी अख्खं गाणं एकही नाही. ज्या पँथर पक्षाच्या नावानं शेवट केला, त्या पक्षाची धुरा १९७४ पासून तीन वर्षं एलेन ब्राऊन ह्या बाईच्या हातात होती. सात वर्षांनंतर, १९९५ साली, इंग्लंडमधल्या ट्रिकी नावाच्या काळ्या कलावंतानं ‘ब्लॅक स्टील’ पुन्हा केलं आणि ते शब्द मार्टिना टॉप्ली-बर्ड ह्या बाईकडून गाऊन घेतले. सरकारला नकार देणारा कैदी बाईच्या आवाजात बोलू लागला आणि एक अक्षरही उपरं वाटलं नाही. मग तो आवाज आधीच का नव्हता?

दुसरं. गटाच्या डोक्यात नेशन ऑफ इस्लामचा फराखान बसला होता. मुद्रिकेत त्याची वाहवा आहे. १९८९ च्या मे महिन्यात प्रोफेसर ग्रिफनं एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत जगातल्या बहुतेक दुष्टाव्याचं खापर ज्यूंच्या डोक्यावर फोडलं. चक डीनं आधी सारवासारव केली, मग माफी मागितली, ग्रिफला दूर केलं, गट मोडल्याचं जाहीर झालं, परत जमला. गोऱ्या पत्रकारांनी ह्याचं भांडवल केलं, हे खरं. पण वाक्य ग्रिफचंच होतं. एका अख्ख्या जमातीला जन्मावरून पापी ठरवायचं, हे शास्त्र कुणाचं आहे ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ते आपल्यावर वापरलं गेलंय. ते आपल्या माणसाच्या तोंडून निघालं तर जास्त जोरात बोललं पाहिजे.

बाकी, जगानं काय केलं? प्रस्थापितांनी नेहमीचं केलं. निघाली तेव्हा काळ्यांच्या यादीत ती पहिली, सगळ्या अमेरिकेच्या यादीत ४२ वी. पुढं दहा लाख खपली. ‘व्हिलेज व्हॉइस’च्या समीक्षकांनी तिला १९८८ ची सर्वोत्तम मुद्रिका ठरवलं. २०१३ साली गट मानाच्या सभागृहात गेला. २०२० साली ‘रोलिंग स्टोन’नं सर्व काळच्या ५०० मुद्रिकांत तिला १५ वी जागा दिली. गोंगाटाला चांदीची चौकट मिळाली. मिळू दे. चौकटीतूनही ती किटली शिट्टी मारतेच. शेजारणी अजून ओरडतात.

माझं मागणं एवढंच आहे. आपल्या पुढच्या जलशाचं पत्रक छापाल, गाणी रेकॉर्ड कराल, तेव्हा ढोलकीवाला, हलगीवाला, कोरसमधल्या बाया, सगळ्यांची नावं गायकाच्याच टायपात छापा. पैसे आले तर वाटणीचा कागद आधी करा. वक्त्याचं नाव लहान केलं तरी चालेल, माझ्यापासून सुरू करा. नाहीतर मालकाविरुद्ध बोंबलायचा आपल्याला हक्क नाही.

बास. मी फार बोललो. ‘रेबेल विदाऊट अ पॉज’ लावा आता. शिट्टीकडं लक्ष देऊ नका, ती आपोआप ऐकू येते. तिच्या खालचे ड्रम ऐका. आणि शेजारच्यानं विचारलं कोण वाजवतोय, तर नाव सांगा.